लुकलुकणारा लाल दिवा : एका कुलपाचा इतिहास

१/ निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टीम, अर्थात एनईएस. १९८५ साली अमेरिकेत विक्रीस आलेला हा करड्या रंगाचा गेम कन्सोल आजही अनेक संग्राहक जपून ठेवतात. त्यातील पुष्कळ यंत्रांना एकच व्याधी जडते. बटण दाबताच पुढचा लाल दिवा पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. सेकंदाला साधारण एकदा. टीव्हीचा पडदाही त्याच तालावर उजळतो आणि मावळतो. पाहणाऱ्याला वाटते, वीजपुरवठा बिघडला. प्रत्यक्षात वीजपुरवठा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. या लुकलुकीचे मूळ १९८३च्या एका व्यापारी पडझडीत आहे.

२/ ते समजण्यासाठी आधी यंत्रातील विजेचा मार्ग पाहावा लागतो. अमेरिकी एनईएसचा अडॅप्टर भिंतीतील १२० व्होल्ट उतरवून ९ व्होल्ट करतो. पण ही वीज एसी, म्हणजे प्रत्यावर्तीच राहते. तिला डीसी, म्हणजे दिष्ट बनवण्याचे काम कन्सोलच्या आत बसवलेला रेक्टिफायर करतो. मग एक मोठा कपॅसिटर तिच्यातील चढउतार सपाट करतो आणि ७८०५ हा रेग्युलेटर चिपांना लागणारे स्थिर ५ व्होल्ट पुरवतो.

३/ निदान याच क्रमाने होते. दिवा मुळीच पेटत नसेल, तर अडॅप्टर, त्याची खोबण, रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकेक करून मल्टिमीटरने तपासावे लागतात. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील आणि आवाजात घरघर असेल, तर म्हाताऱ्या कपॅसिटरवर संशय घेता येतो. दिवा स्थिर असून पडदा कोरा असेल, तर बहुधा गेमच्या कार्ट्रिजचे संपर्क मळलेले असतात. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र यंत्र स्वतःच स्वतःला पुन्हा पुन्हा थांबवत असते.

४/ एक धोका इतिहासानेच निर्माण केलेला आहे. एनईएसचा जपानी पूर्वज फॅमिकॉम १० व्होल्टच्या डीसी अडॅप्टरवर चालतो आणि त्याच्या पोटात रेक्टिफायर नाही. एनईएसचा एसी अडॅप्टर त्याला जोडला, तर तो निकामी होऊ शकतो. शिवाय जपानचा अडॅप्टर १०० व्होल्टसाठी बनलेला, अमेरिकेचा १२० साठी. भारतातील २३० व्होल्टमध्ये तो थेट खोचणारा संग्राहक आधी अडॅप्टर आणि कदाचित पाठोपाठ यंत्रही गमावून बसतो.

५/ आता १९८३. अमेरिकेत अटारीच्या २६०० या कन्सोलसाठी कोणीही गेम बनवून विकू शकत होते. दुकाने सुमार गेमांनी भरली, ग्राहक विटले, भाव कोसळले आणि अनेक कंपन्या बुडाल्या. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न विकला गेलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरला. २०१४ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा ती कार्ट्रिजे खरोखरच वर आली.

६/ त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, जपानमध्ये फॅमिकॉम बाजारात आला. मासायुकी उएमुरा हे त्याचे प्रमुख अभियंते. हे यंत्र अमेरिकेत नेताना निन्टेन्डोपुढे प्रश्न होता, की व्हिडिओ गेमचे नाव काढताच दुकानदार पाठ फिरवतात. म्हणून यंत्राचे रूप बदलण्यात आले. कार्ट्रिज वरून खोचण्याऐवजी समोरच्या झडपेतून आत सरकवून खाली दाबायची, अगदी व्हीसीआरमध्ये कॅसेट घालावी तशी. ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्क परिसरात त्याची प्रायोगिक विक्री सुरू झाली.

७/ दुसरा बदल डोळ्यांना न दिसणारा होता. कन्सोलमध्ये '१०एनईएस' नावाची प्रणाली असलेली एक चिप बसवली गेली आणि तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये. एक कुलूप, दुसरी किल्ली. सुरू होताच दोघी सांकेतिक संवाद साधतात. तो जुळला नाही, तर कुलूप प्रोसेसरला रीसेट करते आणि पुन्हा प्रयत्न करते. हीच ती लुकलुक! कार्ट्रिजे निन्टेन्डोच बनवून देई आणि परवानाधारक कंपनीला वर्षाला पाचच गेम काढण्याची मुभा असे. अटारीच्या बाजारात जो पूर आला, त्याला घातलेला हा बांध होता.

८/ पण व्हीसीआरचे रूप आणि कुलूप यांची युती घातक ठरली. कार्ट्रिज खाली दाबली जाताना ७२ पिनांच्या कनेक्टरवर ताण येई. काही वर्षांत त्या पिनांचा ताठपणा जाई, संपर्क मळत. मग किल्ली अस्सल असूनही तिचा संदेश कुलपापर्यंत धड पोहोचत नसे. जे कुलूप परक्यांना रोखण्यासाठी घडवले, ते घरच्या माणसालाच दारात उभे करू लागले.

९/ मुलांनी यावर उपाय शोधला, तो म्हणजे फुंकर. कार्ट्रिज काढायची, फुंकर मारायची, पुन्हा घालायची. बऱ्याचदा यंत्र चालूही होई. पण त्याचे श्रेय प्रामुख्याने कार्ट्रिज पुन्हा नीट बसण्याला जाते. उलट श्वासातील ओलाव्याने संपर्क गंजतात, म्हणून निन्टेन्डोनेही फुंकर मारू नका असे बजावले. आजचे संग्राहक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने संपर्क पुसतात किंवा कनेक्टरच बदलतात.

१०/ कुलूप म्हटले की ते फोडणारेही आलेच. काही कंपन्यांच्या कार्ट्रिजा विजेचा झटका देऊन चिपला क्षणभर बधिर करत. पुढे निन्टेन्डोने त्याविरुद्ध कन्सोलमध्ये संरक्षक घटक बसवले. अटारी गेम्सने वेगळी वाट धरली. तिच्या वकिलांनी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला खोटे कारण सांगून १०एनईएसच्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली. १९९२ च्या अपील निकालात न्यायालयाने यंत्र उलगडून अभ्यासणे हा प्रकार सरसकट बेकायदा ठरवला नाही. पण खोटे बोलून मिळवलेली प्रत मात्र अटारी गेम्सला भोवली.

११/ १९९३ मध्ये निन्टेन्डोने एनईएसची नवी, स्वस्त आवृत्ती काढली. तिच्यात कार्ट्रिज पुन्हा वरून खोचायची होती आणि कुलपाची चिप नव्हती. लुकलुक संपली. जुन्या यंत्रांतही दुरुस्ती करणारे त्या चिपची चौथी पिन तोडतात. मग ती कुलपाऐवजी किल्लीसारखी वागते आणि रीसेट करणे सोडते.

१२/ मूळ फॅमिकॉममध्ये हे कुलूप कधीच नव्हते. नव्वदच्या दशकात भारतात आलेले स्वस्त टीव्ही गेम प्रामुख्याने त्याच्याच नकला होत्या. म्हणून मराठी घरांतील मुलांनी कॅसेटवर फुंकर तर मनसोक्त मारली, पण लाल दिव्याची ती लुकलुक त्यांच्या वाट्याला आली नाही. जुने यंत्र दुरुस्त करायला बसताना व्होल्ट मोजावेतच. त्याबरोबर ते कोणत्या भीतीपोटी तसे घडवले गेले, हेही विचारावे. एनईएसच्या बाबतीत बिघाडाचे उत्तर पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नातच सापडते.