उतरता सूर आणि नोकरीची मुलाखत

उन्हाळ्याच्या सुट्टीत यवतमाळला मुलाखतीच्या सरावाचं एक शिबिर होतं. पदवी झालेली, स्पर्धा परीक्षांना बसणारी पंचवीसेक मुलंमुली आली होती आणि आम्हा शिक्षकांपैकी काहींना खोटे परीक्षक म्हणून बसवलं होतं. झरी-जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरचा मुलगा समोर आला. शेजारच्या सरांनी ठरलेला प्रश्न टाकला, "ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?"

मुलाने सुरुवात केली ती वडिलांच्या तीन एकर कोरडवाहू जमिनीपासून. मग पाऊस लांबल्याचं, दुबार पेरणीचं आलं. मग पोडावरची मुलं शाळेत का टिकत नाहीत ते आलं. तो पुढे काही सांगणार तोच सरांनी दुसरा प्रश्न विचारला. नंतर चहाच्या वेळी कळलं की हा मुलगा दोन वर्षं रोज संध्याकाळी पोडावरच्या मुलांचा अभ्यास घेत होता आणि तेच त्याला सांगायचं होतं. त्याच्या उत्तराचा गाभा शेवटी होता आणि शेवट आम्ही ऐकलाच नाही. मी त्याला दहापैकी सात गुण दिले होते, सरांनी तीन. त्यांच्या कागदावर शेरा होता, 'मुद्द्यावर येत नाही.'

एकच मुलगा, एकच उत्तर आणि गुण सात व तीन! असं का होतं, याचा शोध घेताना दोन माणसांची गोष्ट हाती लागली. गंमत म्हणजे दोघेही मूळचे रसायनशास्त्राचे.

पहिल्याचं नाव बी.एड. केलेल्या प्रत्येकाने पाठ केलेलं असतं. 1929 च्या हार्टॉग समितीचे सर फिलिप हार्टॉग. प्राथमिक शिक्षणातला अपव्यय आणि स्थगन यावर आपण ज्यांच्या नावाने टिपा लिहिल्या ते हेच. मँचेस्टरला रसायनशास्त्र शिकवलेले हार्टॉग 1920 ते 1925 या काळात ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. 1926 मध्ये भारतात लोकसेवा आयोग स्थापन झाला, तेव्हा ते त्याचे एक सदस्य झाले. म्हणजे उमेदवारांना पारखणं हेच त्यांचं काम होतं. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी परीक्षांचीच परीक्षा घ्यायची ठरवलं. संख्याशास्त्रज्ञ ऱ्होड्स यांच्या साथीने केलेल्या या पाहणीचं पुस्तक 1935 मध्ये निघालं.

त्यातला एक प्रयोग मुलाखतीचा आहे. ब्रिटनच्या सनदी सेवेच्या तोंडी परीक्षेला त्या काळी 300 गुण असत. तेवढेच गुण ठेवून त्यांनी दोन स्वतंत्र मंडळांना त्याच 16 उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. एका मंडळाने पहिला ठरवलेला उमेदवार दुसऱ्याकडे तेरावा आला. दुसऱ्याचा पहिला पहिल्याकडे अकरावा. एकाच उमेदवाराला दोन मंडळांनी दिलेल्या गुणांत सरासरी 37 चा फरक होता आणि एका बाबतीत तर तो 92 होता. हे परीक्षक अननुभवी किंवा लबाड होते म्हणून असं झालं नव्हतं, हे मुद्दाम लक्षात घ्या.

हार्टॉग यांनी फरक किती ते मोजलं. तो का पडतो आणि कोणाला अधिक महाग पडतो, हे पुढे दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. त्याची वाट थोडी लांबची आहे आणि ती आपल्या सांगली जिल्ह्यातून जाते.

जॉन गम्पर्झ यांचा जन्म 1922 चा, जर्मनीतला, ज्यू कुटुंबात. नाझींच्या छळामुळे देश सोडावा लागला आणि इटली, नेदरलँड्स असं करत 1939 मध्ये ते अमेरिकेत पोचले. म्हणजे परक्या देशात परक्या भाषेत उभं राहणं त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. 1947 मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी ते मिशिगन विद्यापीठात गेले. तिथे उन्हाळ्यात भाषाविज्ञानाचे वर्ग भरत. ती व्याख्यानं ऐकली आणि रसायनशास्त्र कायमचं सुटलं! सुट्टीतल्या वर्गांना आपण जरा कमीच लेखतो, म्हणून हे सांगितलं. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, ते प्राध्यापक झाले. तिथे त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते मरे एमेनो. या एमेनो यांनी 1955 मध्ये कोलामी भाषेवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता, तोही आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांची बोली ऐकून. शिबिरातला तो मुलगा घरी जी भाषा बोलतो तिचं व्याकरण बर्कलीतल्या कपाटात होतं. यवतमाळच्या किती शाळांना ते ठाऊक असेल?

1960 च्या दशकात गम्पर्झ सांगलीजवळच्या कुपवाडला आले. तेव्हा ते सुमारे तीन हजार वस्तीचं गाव होतं. जैन शेतकऱ्यांच्या घरात कन्नड, मुसलमानांच्या घरात उर्दू, इतर काही समाजांत मराठी, आणि बाजारात सगळ्यांचीच मिसळ. गम्पर्झ आणि त्यांचे सहकारी विल्सन यांनी ही बोलणी तपासली आणि ते चकित झाले. शतकानुशतकांच्या शेजारामुळे तिन्ही भाषांच्या वाक्यांचा सांगाडा जवळजवळ एक झाला होता. शब्द तेवढे वेगळे. एका भाषेतल्या शब्दाच्या जागी दुसरीतला ठेवत गेलं की भाषांतर तयार! 1971 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

यानंतर गम्पर्झ ब्रिटनमध्ये पोचले, तर तिथे नेमकं उलटं चित्र. भारत-पाकिस्तानातून गेलेले लोक कारखान्यांत, विमानतळांवर कामाला होते. शब्द इंग्रजी, व्याकरणही बहुतेक बरोबर, तरी वरिष्ठांशी सतत खटके. एका विमानतळाच्या उपाहारगृहात नव्याने लागलेल्या आशियाई बायकांबद्दल तक्रार होती की त्या उद्धट आहेत. बोलणं टेपवर घेऊन ऐकलं तेव्हा कारण सापडलं ते एका शब्दात. मांसाचं ताट घेणाऱ्याला ग्रेव्ही हवी का, असं विचारायचं असतं. इंग्रज बाई 'ग्रेव्ही' हा एकच शब्द चढत्या सुरात म्हणे. आशियाई बाई तोच शब्द उतरत्या सुरात म्हणे. तिच्या मते तो प्रश्नच होता. ऐकणाऱ्याला वाटे, 'ही घ्या ग्रेव्ही', म्हणजे मुकाट्याने घ्या. स्वरतंतूंची कंपनसंख्या शब्दाच्या शेवटी वाढते की घटते, एवढ्यावर माणसाचा स्वभाव ठरत होता. त्या बायकांना तोवर वाटत होतं की आपल्याला मुद्दाम हिणवलं जातंय. वर्णद्वेष तिथे नव्हताच असं गम्पर्झ म्हणत नाहीत. पण दोन्ही बाजूंना ऐकू न येणारी ही गोष्टही होती.

मुलाखतीत हेच अधिक तीव्र होतं. टॉम जप आणि सेलिया रॉबर्ट्स यांच्यासह गम्पर्झ यांनी केलेला 'क्रॉसटॉक' हा कार्यक्रम बीबीसीने 1979 मध्ये दाखवला. नोकरीसाठी मुलाखत देणारा आशियाई उमेदवार आणि घेणारे इंग्रज यांची गाडी कुठे रुळावरून घसरते, हे त्यात होतं. 'आमच्याच संस्थेत का?' या प्रश्नामागे 'तुमचा अनुभव आमच्या कामाशी कसा जुळतो ते सांगा' असा न बोललेला प्रश्न असतो. तो ज्याला माहीत नाही तो सरळ खरं सांगतो, 'नोकरी हवी आहे म्हणून.' यावर शिकवण्याचे वर्गही निघाले. त्यांचं वेगळेपण हे की उमेदवारांइतकंच परीक्षकांनाही शिकायला बसवलं जाई.

आपल्या भाषेत पाहिलं तर हे पटकन कळतं. 'मीच केलं', 'मी तर केलं', 'मीही केलं'. आपण 'च', 'तर', 'ही' लावून जोर देतो, तेच काम इंग्रज माणूस आवाज चढवून करतो. आपण इंग्रजी बोलू लागतो तेव्हा 'च' मागे राहतो आणि आवाज चढवायची सवय नसते, मग सगळं सपाट ऐकू येतं. दुसरी गोष्ट क्रमाची. आधी पार्श्वभूमी मांडायची आणि मुद्दा शेवटी ठेवायचा, ही बोलण्याची रीत गम्पर्झ यांना भारतीयांच्या इंग्रजीत वारंवार दिसली. इंग्रज परीक्षक मुद्द्याची वाट सुरुवातीलाच पाहत असे. आमच्या सरांचा 'मुद्द्यावर येत नाही' हा शेरा मला इथे आठवला.

रॉबर्ट्स यांनी पुढे ब्रिटनमधल्या खऱ्या मुलाखतींची चित्रफितींवरून तपासणी केली. 2006 च्या त्यांच्या अहवालात दिसतं की ब्रिटनमध्येच जन्मलेले अल्पसंख्य उमेदवार गोऱ्यांच्या जवळपास बरोबरीने निवडले जात. मागे पडत ते परदेशात जन्मलेले, आणि तेही अशा साध्या कामांसाठी जिथे कामात इतकं बोलावंच लागत नाही.

आपल्याकडेही हा विषय न्यायालयात गेला आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी 150 पैकी 50 गुण मुलाखतीला होते आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांची. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये हे प्रमाण अवाजवी ठरवलं, 15 टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि मुलाखती टेपवर घ्याव्यात असंही सुचवलं. केंद्र सरकारच्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद झाल्या. पण वरच्या जागांना त्या आहेतच, आणि खासगी संस्थांतल्या नोकऱ्यांनाही. पुसद-दिग्रसकडे घरी गोरमाटी बोलणारी, केळापूर-मारेगावकडे गोंडी किंवा कोलामी बोलणारी मुलं या खुर्चीवर बसणार आहेत. परदेशी न जाताही ती परकी ठरू शकतात.

शिबिरात दुसऱ्या दिवशी आम्ही मोबाईलवर मुलाखती घेतल्या आणि सगळ्यांनी मिळून परत ऐकल्या. परीक्षकाने किती सेकंदांनी तोंड घातलं, एवढंच मोजायचं. शाळेत हे सहज करता येईल. शेवटच्या दिवशी मुलांनीच खुर्च्यांची अदलाबदल केली. त्यांनी विचारायचं, आम्ही उत्तरं द्यायची आणि गुण त्यांच्या घरच्या रीतीने. कोलाम पोडावरच्या त्या मुलाने सरांना विचारलं, "तुम्ही मास्तर का झालात?" सरांनी अर्ध्या मिनिटात तीन मुद्दे नेटके सांगितले. त्याने दहापैकी चार दिले. का, असं विचारल्यावर थोडा वेळ घेऊन म्हणाला, "सर, तुम्ही फार लवकर मुद्द्यावर आलात. तुम्ही कुठले, घरी कोण, काहीच कळलं नाही."