'ए' गेला, मग कोण आलं?

हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव कोविडमुळे घरोघरी पोचलं. पण मला विचाराल तर या कंपनीची सगळ्यात मोठी गोष्ट कोविडची नाही. ती आहे मेनआफ्रिव्हॅक नावाच्या लसीची. आपल्याकडे ती फारशी कुणाला ठाऊक नाही, कारण ती आपल्यासाठी नव्हतीच.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, सहाराच्या खालून, आफ्रिकेत एक आडवा पट्टा जातो. लापेसोनी नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १९६३ मध्ये त्याला 'मेनिंजायटिस पट्टा' असं नाव दिलं. डिसेंबरपासून तिथे कोरडा, धुळीचा वारा सुटतो आणि त्याच्याबरोबर मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा हा आजार येतो. पाऊस लागला की साथ ओसरते. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त माणसं आजारी पडली आणि पंचवीस हजार दगावली. वाचलेल्यांपैकी कित्येकांचे कान कायमचे गेले.

हा आजार आणणाऱ्या मेनिंगोकोकस जिवाणूच्या अंगावर साखरेचं एक कवच असतं. त्या साखरेवरून त्याचे गट पडतात : ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स वगैरे. 'ए'ची लस शरीराला फक्त 'ए'चं कवच ओळखायला शिकवते. 'सी' समोर आला तर तिला तो अनोळखीच. या पट्ट्यातल्या मोठ्या साथी बहुतेक 'ए'च्या असत, म्हणून लस 'ए'ची करायची ठरली. आफ्रिकेतले आरोग्यमंत्री म्हणाले, डोस पन्नास सेंटच्या आत हवा (त्या वेळचे बावीस-तेवीस रुपये). या भावात पाश्चात्त्य कंपन्या कशाला हात घालतील? पुण्याने घातला. अमेरिकन सरकारी प्रयोगशाळेतलं तंत्र, गेट्स फाउंडेशनचा पैसा आणि इथला कारखाना अशी ती मोट होती. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि एक ते एकोणतीस वयाच्या सगळ्यांना टोचायला घेतलं.

'ए' अक्षरशः नाहीसा झाला. जुन्या लसी आजार टाळायच्या, पण घशात मुक्काम ठोकून बसलेल्या जिवाणूला हलवत नसत. ही लस त्यालाही हुसकावते. हे कळलं कसं? हजारो धडधाकट लोकांच्या घशातून कापसाचे बोळे फिरवून. चाडमध्ये लसीकरणानंतर घशात 'ए' बाळगणारे लोक जवळजवळ उरलेच नाहीत. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए'चा एकही रुग्ण सापडलेला नाही.

पण लगेच प्रश्न आला, आणि तो बिनबुडाचा नव्हता : रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरा कुणी येऊन बसला तर? अमेरिकेत २००० साली मुलांना न्यूमोकोकसची लस सुरू झाली. तिच्यातले सात प्रकार मागे पडले आणि तिच्यात नसलेला १९ए पुढे सरकला, हे सगळ्यांना माहीत होतं. इथेही २०१२ मध्ये बुर्किना फासोत डब्ल्यूचे रुग्ण वाढले. पुढे 'सी' आला. २०१३ मध्ये नायजेरियात लहानशी साथ, २०१५ मध्ये शेजारच्या नायजरमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास रुग्ण, आणि २०१७ मध्ये पुन्हा नायजेरियात साडेचौदा हजार संशयित रुग्ण, अकराशेच्या वर मृत्यू. २०१५ मध्ये तर 'सी'वर चालणाऱ्या लसीचा जगभरातला साठाच अपुरा होता. ज्यांनी नुकतीच मुलांना टोचून आणली होती त्या आईबापांना 'ए' आणि 'सी'तला फरक काय सांगणार? लसीनेच हे आणलं, असं म्हणणं फार सोपं होतं.

इथे कामाला आल्या त्या जुन्या काचेच्या नळ्या. खेड्यातल्या दवाखान्यात रुग्णाच्या मणक्यातलं पाणी काढायचं, नळीत भरायचं, तो जिवाणू जिवंत राहील अशा बेताने शेकडो किलोमीटर दूरच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. रटाळ काम. यावर कोणी सिनेमा काढणार नाही. पण लस येण्याआधीपासून ते चालू होतं, म्हणून उत्तर देता आलं. डब्ल्यू? तो बुर्किना फासोत २००२ मध्येच मोठी साथ आणून गेला होता, म्हणजे लसीच्या आठ वर्षं आधी. एक्स? नायजरची राजधानी नियामे इथल्या सर्मेस प्रयोगशाळेने २००६ सालच्या नमुन्यांत खात्री झालेले निम्मे रुग्ण एक्सचे दाखवले होते. ही जुनी नोंद नसती तर दोन्ही गट लसीच्याच माथी मारले गेले असते, आणि खोडून काढायला कुणाच्या हाती काही नसतं.

'सी'चं प्रकरण जास्त अवघड. तो खरोखरच लसीनंतर आला. त्याची जनुकं वाचली तेव्हा दिसलं की हा कवच बदललेला 'ए' नव्हे. घशात गुपचूप राहणारा, बिनकवचाचा, निरुपद्रवी असा एक वाण होता. त्याने दुसऱ्या जिवाणूकडून 'सी' कवचाची जनुकं उचलली, शिवाय एका विषाणूचा तुकडाही, आणि तो मारका झाला. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. 'ए' गेल्यामुळे त्याला वाट मोकळी झाली का? 'सी' कुठून आला ते जनुकं सांगतात, त्याला फावलं का ते सांगत नाहीत. माझं मत विचाराल तर तारखा मागेपुढे आल्या म्हणून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण लसवाल्यांनीही हात झटकून मोकळं होऊ नये.

असो. पुढची लसही पुण्यातच तयार झाली. ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स, पाचही एका सुईत. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली आणि मार्च २०२४ मध्ये नायजेरियाने ती सगळ्यात आधी वापरात आणली. एक्सवरची ही पहिलीच लस. 'बी' तिच्यात नाही. त्या पट्ट्यात तो क्वचितच सापडतो. मणक्यातल्या पाण्याच्या नळ्या मात्र पूर्वीसारख्याच प्रयोगशाळेत पाठवाव्या लागतात, आणि आता त्यांच्यात पाच नावांपलीकडचंही काही दिसतंय का ते बघायचं असतं.