रविवार, 24 डिसेंबर 1972

दुपारचे पावणेचार वाजलेत आणि नॉरिचमध्ये दिवस संपलाय. समोरच्या घरांच्या धुराड्यांतला कोळशाचा धूर वर न जाता रस्त्यावरच रेंगाळतोय. तुम्ही पुण्याहून आलेले डॉक्टर आहात. या काळात इंग्लंडच्या रुग्णालयांत ठिकठिकाणी भारतीय डॉक्टर आहेत, त्यांतलेच एक. रात्रपाळी करून सकाळी परतलात तेव्हाच घरमालकीणबाईंनी तुम्हाला जिन्यात गाठलं होतं. "डॉक्टर, आज वर खोलीत एकट्यानं जेवायचं नाही. खाली या."

खाली येता तेव्हा रेडिओवर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधली नाताळची गाणी लागलेली असतात. गाण्यांच्या या प्रार्थनासभेची प्रथा 1918 सालची, आणि 1928 साली बीबीसीनं ती पहिल्यांदा ऐकवली. बाई बटाटे सोलता सोलता सुरात सूर मिसळताहेत. किंग्ज कॉलेज हे नाव लक्षात ठेवा. आज रात्री बीबीसी वनवर जी गोष्ट दिसणार आहे ती लिहिणारे मॉन्टेग्यू ऱ्होड्स जेम्स एकेकाळी याच कॉलेजचे प्रमुख होते. दुपारची गाणी तिथली आणि रात्रीचं भूतही तिथलंच.

सणाच्या दिवशी भूत? आपल्याकडे भुतानं अमावास्या पाहून यावं, दिवाळीत त्याला जागा नाही. पण जरा खिडकीशी उभे राहा. चार वाजता काळोख पडलाय आणि उद्या सकाळी आठपर्यंत तो हटणार नाही. सगळ्यांना सुट्टी आहे, सगळे घरात आहेत, शेगडीतला निखारा सोडून कुणाला कुठे जायचं नाही. इतक्या लांब रात्रीचं करायचं काय, याला इथल्या माणसांनी शोधलेलं उत्तर म्हणजे गोष्ट, आणि या अंधाराला शोभेल अशीच गोष्ट.

जेवण होतं, भांडी होतात, घरातल्या आजीबाई खुर्चीतच पेंगतात. टीव्ही भाड्यानं आणलेला आहे, काळापांढरा. रंगीत टीव्हीच्या परवान्याला वर्षाला 12 पौंड पडतात, याला 7. वाहिन्या तीन. कार्यक्रम टिपून ठेवायचं यंत्र या घरात नाही, या गल्लीतही नसेल. आत्ता पाहिलं नाही तर परत कधी दिसेल ते बीबीसीच जाणे. म्हणून अकरा वाजायच्या आधीच चहा होतो, आजीबाईंना उठवलं जातं आणि मोठा दिवा मालवला जातो. गेल्या वर्षी याच रात्री नाताळच्या भूतकथांच्या या मालिकेची पहिली गोष्ट लागली होती, 'द स्टॉल्स ऑफ बार्चेस्टर'. तिचं चित्रण नॉरिचच्याच कॅथीड्रलमध्ये झालं होतं. त्यानंतर कित्येक दिवस बाईंच्या मुलानं म्हणे तिथल्या लाकडी कोरीवकामाला हात लावला नाही.

आजची गोष्ट आहे 'अ वॉर्निंग टु द क्युरियस'. समुद्र, पाइनची रांग, ओहोटीनं उघडी पडलेली मैलभर वाळू. "अगं बाई, हे तर होल्कम!" बाई ओरडतात. कथेतलं गाव काल्पनिक आहे, पण चित्रण झालंय इथून तासाभराच्या वाटेवर, होल्कम आणि वेल्सच्या किनाऱ्यावर. ज्या वाळूत इथली मुलं उन्हाळ्यात किल्ले करतात, तिथेच आता एक माणूस एकटा फावडं घेऊन निघालाय.

त्याचं नाव पॅक्स्टन. दंतकथा अशी, की या किनाऱ्यावर तीन राजमुकुट पुरलेले आहेत आणि ते जमिनीत आहेत तोवर परकं सैन्य इथे उतरणार नाही. एक कुणीतरी खणून काढला, एक समुद्रानं गिळला, तिसरा उरलाय. त्याची राखण करणाऱ्या एजर घराण्यातला शेवटचा पुरुष, विल्यम, क्षयानं गेला. पॅक्स्टन मुकुट शोधतो, आणि तो त्याला सापडतो. पुढचं सगळं त्या सापडण्याचं फळ.

जेम्सच्या मूळ कथेत पॅक्स्टन तरुण आहे. दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्कनं त्याला मध्यमवयीन कारकून केलाय, 1930 च्या आसपासच्या मंदीत नोकरी गेलेला. पीटर व्हॉन ही भूमिका करतोय आणि त्याच्या चेहऱ्यावर हाव औषधालाही नाही. आहे ती फक्त एकदा तरी आपल्या हातून काही घडावं ही आस. बाईंचे भाऊ शेगडीजवळ गप्प बसलेत. याच वर्षी जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा 10 लाखांवर गेला, आणि भाऊ त्यांतलेच एक. मला हा बदल जेम्सच्या मूळ कथेपेक्षाही मोठा वाटतो. भूत कुणाला धरतं याला महत्त्व आहे. ज्याला परवडत नाही त्याला धरलं, की भीतीत कणव मिसळते आणि मग ती भीती लवकर उतरत नाही.

आणि भूत दिसतं किती? फारच थोडं. क्लार्क मूळचा माहितीपटवाला. स्टुडिओतल्या भिंती नकोत म्हणून त्यानं सगळं बाहेर, 16 मिलिमीटरच्या फिल्मवर टिपलं. कॅमेरामन जॉन मॅक्ग्लॅशन दुरून पाहतो. झाडांमागे झाडं, आणि त्यांत एक उभी काळी रेघ जी मघाशी नव्हती. रेल्वेच्या डब्याचं दार कुणीतरी क्षणभर जास्त वेळ धरून ठेवतं, जणू मागून आणखी एक प्रवासी चढायचाय. काळ्यापांढऱ्या पडद्यावर, हलत्या चित्रात, ती रेघ झाड आहे की माणूस हे कळायच्या आत दृश्य बदलतं. तुम्ही पुढे वाकता. सगळेच वाकलेत.

पन्नास मिनिटांत गोष्ट संपते. बटण दाबताच चित्र आक्रसून एक पांढरा ठिपका होतं आणि तोही विझतो. आता जिना चढून वर जायचंय, आणि जिन्यात दिवा नाही.

सकाळी टर्की भाजायला टाकून भांडण सुरू होतं. मुलगा म्हणतो, तो मेलेला एजर पहिल्यापासून, गावातसुद्धा, पॅक्स्टनच्या मागेच होता. बाई म्हणतात, छे, जंगलाशिवाय कुठेच नव्हता. भाऊ म्हणतात, दोघंही चुकताय. निवाडा करायला साधन नाही. चित्र प्रत्येकाच्या डोक्यात आहे आणि दर सांगण्यात थोडं बदलतंय. आज हजारो घरांत हेच चालू असणार.

नाताळच्या रात्रीची ही गोष्ट कुठून आली ते पाहायचं तर 1903 च्या नाताळात, किंग्ज कॉलेजमध्ये चला. जेवण उरकून मित्र आणि आजी-माजी विद्यार्थी जेम्सच्या खोलीत जमलेत. जेम्स चाळिशीतले, मध्ययुगीन हस्तलिखितांचे मोठे जाणकार. दिवसभर ते चर्मपत्रांच्या सूच्या करतात. आता ते आतल्या खोलीतून कागद घेऊन येतात. शाई जेमतेम वाळली असेल. एक सोडून सगळ्या मेणबत्त्या फुंकून टाकतात, उरलेल्या एकीपाशी बसतात आणि आपलं गिचमिड अक्षर वाचू लागतात. एका प्राध्यापकाला समुद्रकाठच्या भग्न वास्तूत शिट्टी सापडते. तो ती वाजवतो. वारा सुटतो. पुढे 1968 मध्ये जोनाथन मिलर याच कथेवर बीबीसीसाठी चित्रपट करणार आहे, मायकेल हॉर्डर्नला घेऊन, आणि तो पाहिलेली माणसं दुसरा रिकामा पलंग असलेल्या खोलीत झोपायला का-कू करतील.

जेम्सचा तरुण मित्र जेम्स मॅकब्राइड या कथांसाठी चित्रं काढायला घेणार आहे. पुढच्या जूनमध्ये शस्त्रक्रियेनंतर तो जाईल, मागे फक्त चार चित्रं ठेवून. उरलेली दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायला जेम्स नकार देतील, आणि 1904 चं पुस्तक तेवढ्याच चित्रांसह निघेल. या माणसाच्या भूतकथांना कुणी थंड म्हटलं की मला ती चार चित्रं आठवतात. या गोष्टी वाचकांसाठी नंतर झाल्या, आधी त्या समोर बसलेल्या माणसांसाठी होत्या. क्लार्कनं टीव्हीवर नेली ती नुसती कथा नव्हे. एका उजेडासमोर सगळ्यांनी एकाच वेळी घाबरायचं, ही बैठक त्यानं तिथे नेली.

आता 22 डिसेंबर 1976. या वर्षी जेम्स नाही, डिकन्स आहे, 'द सिग्नलमन'. ही कथा डिकन्सनं 1866 साली आपल्या साप्ताहिकाच्या नाताळ अंकासाठी लिहिली होती. इंग्रजी नियतकालिकांच्या अशाच नाताळ अंकांची प्रथा पाहून का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हा दिवाळी अंकात गूढकथा वाचत मोठ्या झालेल्या तुम्हाला हे घर अगदीच परकं नाही.

सेव्हर्न व्हॅली रेल्वेवरचा बोगदा, लाल दिवा, ओल्या दगडांची खोल खिंड. डेन्होम एलियट सिग्नलच्या केबिनमध्ये बसलाय आणि घंटेकडे असा पाहतोय, की ती वाजली तरी भय आणि न वाजली तरी भय. ही भीती डिकन्सनं कल्पनेतून आणलेली नाही. 9 जून 1865 रोजी स्टेपलहर्स्टला पुलावरचे रूळ काढलेले असताना त्याची गाडी त्यावर आली. त्याचा डबा पुलावर लोंबकळत राहिला. तो बाहेर आला, खाली उतरला आणि जखमींना पाणी पाजत फिरला. काहींनी त्याच्यासमोर प्राण सोडले. त्यानंतर आगगाडीत बसलं की तो मधेच थरथरू लागे. बरोबर पाच वर्षांनी, 9 जूनलाच, तो गेला. एलियटच्या डोळ्यांत तुम्हाला जे दिसतंय ते तिथून आलंय. सबंध मालिकेत मी हीच गोष्ट सगळ्यात वर ठेवेन.

1977 नंतर क्लार्क मालिका सोडतो. 1978 मध्ये आणखी एक गोष्ट होते आणि 1979 च्या नाताळात या मालिकेचं काहीच नसतं. 2005 साली बीबीसी फोर ती पुन्हा सुरू करते, आणि पुढे मार्क गेटिस ती हाती घेतो.

24 डिसेंबर 2021. तुम्ही आपल्या काळाच्या जवळ आलात; हातात फोन आहे. गेटिसनं जेम्सची 'द मेझोटिंट' केलीय. एका वाड्याचं छापील चित्र, आणि दर वेळी पाहावं तेव्हा त्यात काहीतरी सरकलेलं. आधी कोपऱ्यात डोकं, मग हिरवळीवर रांगणारं कुणी, मग उघडी खिडकी. रोरी किनियर चित्रासमोर बसून आहे. ते चित्र त्याला थांबवता येत नाही. तुम्हाला येतं, बोट तिथेच आहे. थांबवून, मोठं करून, ते रांगणारं काय आहे ते पाहता येईल, शेजारी बसलेल्याशी वाद घालायचं कारणच उरणार नाही. फोन खिशात घाला आणि शेजाऱ्याला विचारा, त्याला काय दिसलं.