‘ॲझिमथ’ म्हणजे काय? ‘सम्त’ या अरबी शब्दाचा मोबाइलपर्यंतचा प्रवास

मोबाइलमध्ये किब्ला दाखवणारे ॲप उघडले की बाणाच्या शेजारी २८० किंवा २८३ असा एक आकडा दिसतो. काही ॲपमध्ये त्या आकड्यावर ‘ॲझिमथ’ असे लिहिलेले असते. डिश टीव्हीची छत्री बसवणारा कारागीर, जमीन मोजणारा सर्व्हेअर, सोलर पॅनल लावणारा, या सगळ्यांच्या कामात हा शब्द येतो. शब्द इंग्रजीत रुळला आहे, पण त्याचे मूळ अरबी आहे आणि आपल्या घरातल्या एका रोजच्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

अर्थ

ॲझिमथ म्हणजे क्षितिजावर मोजलेला दिशेचा कोन. मराठीत त्याला ‘दिगंश’ म्हणतात. उत्तर म्हणजे शून्य धरायचे आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजत जायचे. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० आणि ३६० वर पुन्हा उत्तर. ‘त्या बाजूला’ असे नुसते म्हटले तर दोन माणसे दोन बाजूंना बोट दाखवतील. ‘२८० अंश’ म्हटले की वाद राहत नाही.

मूळ

अरबीत ‘सम्त’ म्हणजे वाट, दिशा. उर्दूत हा शब्द आजही याच अर्थाने चालतो. त्याचे अनेकवचन ‘सुमूत’. त्याला ‘अल्’ जोडले की उच्चार होतो ‘अस्-सुमूत’, जसे अल् आणि सलाम मिळून ‘अस्सलाम’ होते. हा शब्द युरोपात जाऊन ‘ॲझिमथ’ झाला. इंग्रज कवी चॉसर याने १३९१ च्या सुमारास आपल्या लहान मुलासाठी ॲस्ट्रोलेब या यंत्रावर एक पुस्तक लिहिले. त्यात हा शब्द आलेला आहे.

याच घराण्यातले आणखी दोन शब्द इंग्रजीत आहेत. डोक्याच्या अगदी वरचा आकाशातला बिंदू म्हणजे ‘सम्त-अर्-रास’, डोक्याची दिशा. लॅटिनमध्ये नकलून घेताना ‘म’ चे अक्षर चुकीचे वाचले गेले आणि त्यातून ‘झेनिथ’ तयार झाला. त्याच्या बरोबर उलट, पायाखालचा बिंदू म्हणजे ‘नझीर-अस्-सम्त’. त्यातला ‘नझीर’ इंग्रजीत ‘नेडिर’ झाला. नझीर म्हणजे जोडीचा, बरोबरीचा. ज्याला जोड नाही तो ‘बेनझीर’, हे तर आपल्याला माहीतच आहे. पुढे इंग्रजीत झेनिथ म्हणजे यशाचे शिखर आणि नेडिर म्हणजे अगदी खालचा तळ, असेही अर्थ आले.

ही मोजणी कशासाठी?

ताऱ्यांचा अभ्यास हे एक कारण होतेच. दुसरे कारण होते किब्ला. मक्केपासून शेकडो कोस दूर असलेल्या शहरात तोंड नेमके कुठे करायचे, या प्रश्नाला त्या काळच्या विद्वानांनी ‘सम्त-अल्-किब्ला’ असे नाव दिले आणि त्यावर गणित मांडले. अल-बिरूनी यांनी १०२५ मध्ये पूर्ण केलेल्या ‘तहदीद’ या ग्रंथात गझनी शहराचा किब्ला काढण्यासाठी शहरांचे अक्षांश-रेखांश कसे ठरवायचे ते सविस्तर दिले आहे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या शम्सुद्दीन अल-खलीली यांनी वेगवेगळ्या ठिकाणांसाठी किब्ल्याचे तयार कोष्टकच बनवले. आज ॲप सेकंदात जे करते, ते काम या लोकांनी हाताने केले.

महाराष्ट्रात किब्ला किती अंशांवर?

आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘मगरिबकडे तोंड करा.’ ढोबळ मानाने ते बरोबर आहे. पण सरळ पश्चिम म्हणजे २७० अंश आणि किब्ला त्याच्या थोडा उत्तरेला आहे. साधारण आकडे असे:

- मुंबई: २८० अंश
- छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद): २७९ अंश
- नागपूर: २७८ अंश
- रत्नागिरी: २८३ अंश

नागपूर आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मग नागपूरचा आकडा २७० का नाही? कारण पृथ्वी गोल आहे. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडा दिसतो आणि नागपूरहून तो थोडा उत्तरेकडे झुकूनच निघतो.

घरी तपासून कसे पाहायचे?

नवीन फ्लॅटमध्ये गेले की मुसल्ला कसा अंथरायचा यावरून घरात दोन मते होतात. एकाचा मोबाइल एक दाखवतो, दुसऱ्याचा दुसरेच. याचे कारण बहुतेक वेळा लोखंड असते. स्लॅबमधल्या सळया, खिडकीची जाळी, स्टीलचे कपाट, मोबाइलच्या कव्हरमधले चुंबक, हे सगळे कंपासला फसवते. कव्हर काढा, मोकळ्या जागेत किंवा गच्चीवर जा, मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा आणि मग आडवा धरून बघा.

कंपासवर भरवसा नसेल तर सूर्य आहे. वर्षातून दोनदा सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर येतो: २७-२८ मे रोजी आपल्या घड्याळाने दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १५-१६ जुलै रोजी २ वाजून ५७ मिनिटांनी. म्हणजे त्या क्षणी सूर्य मक्केच्या झेनिथवर असतो आणि आपल्यासाठी सूर्याची दिशा हीच किब्ल्याची दिशा असते. गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. सावलीच्या टोकापासून काठीच्या बुडाकडे रेघ ओढा. ती रेघ पुढे जिकडे जाते तिकडे किब्ला. जुलैत आपल्याकडे ढग असतात, म्हणून मे महिना सोयीचा.

आणि आतापर्यंत सरळ पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढली असेल तर घाबरून जाऊ नका. मक्केपासून दूर राहणाऱ्यांना काबागृहाची दिशा साधली तरी पुरे, असे हनफी आणि इतरही अनेक फुकहांचे मत आहे. दहा-बारा अंशांवरून मोहल्ल्यात भांडण करण्याचे कारण नाही. जुन्या मस्जिदीबद्दल शंका असेल तर आधी इमामसाहेब आणि उलमांशी बोला. घरातला मुसल्ला मात्र येत्या मे महिन्यात मुलांना सोबत घेऊन सावलीने तपासता येईल. शाळेतला भूगोल कशाला लागतो, हेही त्यांना त्याच वेळी कळेल.