महागडे घड्याळ : पगारातला किती हिस्सा?

होटगी हे जंक्शन. सोलापूरहून येणाऱ्या रेल्वेमार्गाला इथेच विजयपूर-गदगचा फाटा फुटतो. परिसरात सिमेंट कारखाना आहे, सोलापूर शहर जवळ आहे. त्यामुळे आपल्या वस्त्यांतील बरेच तरुण आता महिन्याच्या पगारावर आहेत. पहिल्या काही पगारांत मोबाईल येतो, गाडी येते आणि मग मनगटावर ब्रँडेड घड्याळ हवेसे वाटते. त्यासाठी किती खर्च करावा, याचा हिशेब आम्ही इथे मांडत आहोत.

हौस चुकीची नाही

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगले कपडे आणि दागिने वापरू दिले गेले नाहीत, त्यांनी चांगली वस्तू वापरणे हा स्वाभिमानाचाही भाग आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना जातीची ओळख सांगणारा पेहराव आणि दागिने सोडून नीटनेटके राहायला सांगितले. म्हणून घड्याळ घेणाऱ्या पोराला उधळ्या म्हणणे आम्हाला मान्य नाही. प्रश्न आहे तो पैसा कुठून येतो याचा.

धम्म काय सांगतो?

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने उत्पन्नाचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि एक संकटकाळासाठी. उपभोगाच्या भागात घरखर्चही येतो, हे विसरू नये. कमी पगारात हे प्रमाण तंतोतंत जमत नाही, पण संकटाचा वाटा बाजूला ठेवण्याचा नियम जमवता येतो. अनाथपिंडिकाला केलेल्या उपदेशात गृहस्थाच्या चार सुखांमध्ये कर्ज नसण्याचे सुखही मोजले आहे. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याचे आवाहन केले होते.

हिशेब असा करा

समजा, हातात येणारा पगार 22,000 रुपये आहे.

- विसावा हिस्सा : 1,100
- घरखर्च, भाडे, प्रवास : 16,000
- संकटनिधी : 3,000
- उरले : 1,900

या 1,900 मध्येच पुस्तके, परीक्षेचे फॉर्म, सण-समारंभ आणि हौस बसवायची आहे. आमच्या मते घड्याळासाठी वर्षाच्या उत्पन्नाच्या 2 टक्क्यांवर जाऊ नये. इथे वर्षाचे उत्पन्न 2,64,000, म्हणजे घड्याळ 5,280 रुपयांपर्यंत. महिन्याला 440 रुपये बाजूला टाकले की वर्षभरात ते रोखीने येते.

आता 40,000 चे घड्याळ 16 टक्के व्याजाने दोन वर्षांच्या हप्त्यावर घेतले तर? हप्ता सुमारे 1,960 रुपये आणि एकूण भरणा सुमारे 47,000. उरलेले 1,900 पूर्ण संपून वर साठ रुपये कमी पडतात. मग पुस्तके बंद होतात आणि हात संकटनिधीत जातो. घरात कोणी आजारी पडले तर सावकाराकडे जावे लागते. ‘नो कॉस्ट’ हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी लागू शकतो. दुकानात एकूण रक्कम लिहून मागा.

दुकानदाराचे तीन युक्तिवाद

*‘महाग म्हणजे अचूक.’* तसे नाही. साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि ते महिन्याला काही सेकंदच चुकते. किमती यांत्रिक घड्याळ दिवसालाच काही सेकंद पुढे-मागे होऊ शकते, शिवाय काही वर्षांनी त्याची सर्व्हिसिंग करावी लागते.

*‘ही गुंतवणूक आहे.’* मोजकी मॉडेल्स सोडली तर घड्याळ दुकानाबाहेर पडताच त्याची किंमत उतरते.

*‘फर्स्ट कॉपी घ्या, कोणाला कळणार?’* ती नक्कल असते. तिला ना खरी वॉरंटी, ना प्रामाणिकपणा.

घेण्याआधी चार प्रश्न

1. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का?
2. डोक्यावर व्याजाचे कर्ज आहे का?
3. घरातल्या कोणाची फी किंवा औषध थांबले आहे का?
4. तीन महिने थांबल्यावरही तेच घड्याळ हवेसे वाटते का?

पहिल्याचे आणि चौथ्याचे उत्तर ‘हो’, मधल्या दोन्हींचे ‘नाही’ असेल, तर खुशाल घ्या आणि अभिमानाने घाला. नसेल तर आधी संकटनिधी पूर्ण करा. पुढच्या वर्षी पगार वाढला, तर 2 टक्क्यांची रक्कमही वाढलेली असेल.

जय भीम!