ठाकुर्लीचा गव्हर्नर

डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये, ठाकुर्लीला, रेल्वेचं स्वतःचं वीजघर होतं. जुनी माणसं अजूनही त्याला चोळ्याचं पॉवर हाऊस म्हणतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. पुढे तारा घाटांपलीकडे न्यायच्या होत्या, म्हणून जीआयपी रेल्वेने त्या दशकाच्या अखेरीस हे कोळशावरचं केंद्र उभारलं. कल्याण सोडून गेलेली मालगाडी कसाऱ्याचा चढ चढू लागली की भार इथल्या जनित्रांवर येई, टर्बाइन किंचित मंदावे आणि कुणी हात न लावता वाफेची झडप जास्त उघडे. झडप उघडणारी ती यंत्रणा म्हणजे गव्हर्नर.

आज तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय बोर्डातही एक गव्हर्नर असतो. तो लोखंडाचा नसून लिनक्समधला एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि प्रोसेसरने किती मेगाहर्ट्झवर चालायचं ते ठरवतो.

या घराण्याचा मूळपुरुष पवनचक्क्यांवर होता. वाऱ्याबरोबर जात्याच्या दगडांचा वेग बदले, तेव्हा त्यांच्यातलं अंतर गोल फिरणाऱ्या वजनांनी आपोआप सांभाळलं जाई. १७८८ साली जेम्स वॅटने ती कल्पना वाफेच्या इंजिनाला जोडली. वेग वाढला की दोन गोळे फाकतात आणि वाफ कमी होते. वेग उतरला की ते मिटतात आणि वाफ वाढते. काही गव्हर्नर मात्र स्थिरावतच नसत, सतत वर-खाली हेलकावत राहत. हे का होतं त्याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६८ साली मांडलं.

चिपमधला गव्हर्नर याच कुळातला, पण त्याचं काम नेमकं उलटं आहे. ठाकुर्लीचा गव्हर्नर भार बदलला तरी वेग फारसा ढळू देत नसे. चिपमधला मात्र भार बघून वेगच बदलतो. वीजघराला ती मुभा नव्हती. जनित्राचा वेग बदलला की विजेची आवर्तनं बदलतात. प्रोसेसरच्या वेगावर बाहेरचं असं काही अडून नसतं.

पण नुसता वेग कमी केल्याने वीज वाचते, हा समज अर्धवट आहे. वेग निम्मा केला तर तेच काम दुप्पट वेळ चालतं, हिशेब जवळपास तिथेच येतो. खरी बचत व्होल्टेजमध्ये असते. चिपचा वीजवापर वेगाच्या पटीत वाढतो, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत. वेग उतरला की कमी व्होल्टेजवर भागतं, १.२ व्होल्टवरून १ व्होल्टवर आलात तर तेवढ्याच कामाला सुमारे ३० टक्के ऊर्जा कमी लागते. काम पाहून वेग उतरवण्याचा हिशेब झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधकांनी १९९४ साली मांडला. २००० साली इंटेलने लॅपटॉपच्या चिपांत वेग उतरवणारं ‘स्पीडस्टेप’ तंत्र आणलं. लिनक्समध्ये रसेल किंग यांनी २००१ च्या सुमारास लहान यंत्रांतल्या एआरएम चिपांसाठी याचा पाया घातला, डॉमिनिक ब्रोडोव्स्की यांनी तो वाढवला. म्हणजे लिनक्समध्ये आधी एआरएम, मग बाकीचे. मला हा क्रम रास्त वाटतो. बॅटरीची चणचण लहान यंत्रांनाच आधी कळणार.

पुढची पिढी म्हणजे ‘ऑनडिमांड’ गव्हर्नर. इंटेलमधल्या वेंकटेश पल्लीपाडी आणि अलेक्सी स्टारिकोव्स्की यांचं हे काम. प्रोसेसर ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त गुंतला की एकदम कमाल वेग, भार ओसरला की खाली. एकदम उडी का? तर वापरणाऱ्याला वाट बघायला लागू नये म्हणून. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ नावाचा गव्हर्नर मात्र पायरीपायरीने चढतो. मॅक्सवेलचे हेलकावे इथेही भेटतात: भार मोजण्याचा अवधी फार लहान ठेवला तर वेग उगाच वर-खाली होतो, फार मोठा ठेवला तर बोर्ड सुस्त वाटतो. २०१६ मध्ये आलेल्या ‘शेड्यूटिल’ने नमुने घेत बसणंच सोडलं. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा हे ठरवणारा शेड्यूलरच त्याला भार कळवतो. ठाकुर्लीच्या झडपेला मात्र वेग ढळल्यावरच कळत असे.

हौशी मंडळी बोर्ड हाती येताच ‘परफॉर्मन्स’ गव्हर्नर लावून टाकतात, म्हणजे कायम कमाल वेग. डोंबिवलीच्या मे महिन्यात, बंद गॅलरीत, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेल्या रास्पबेरी पायवर हे करून बघावं. चिप ८० अंशांजवळ गेली की तिचं फर्मवेअर स्वतःच वेग उतरवतं, गव्हर्नरने काहीही मागितलं तरी. स्वस्त चार्जरमुळे पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला तरी तीच गत.