चारिझार्ड खेळवायचाय? आधी दगडांचा हिशोब करा

पोकेमॉन म्हटलं की आपल्यापैकी अनेकांचा पहिला लाडका चारिझार्ड. इंजिनिअरिंगला असताना मी फोनच्या ब्राउझरमध्ये पोकेमॉन शोडाउनवर त्याला हट्टाने टीममध्ये घ्यायचो आणि सलग हरायचो. शेवटी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तेव्हा कळलं की चूक अटॅकमध्ये नव्हतीच. तो मैदानात उतरतानाच अर्धा होत होता. ६ विरुद्ध ६ सिंगल्ससाठीचा तोच हिशोब इथे मांडतोय.

खरी अडचण: स्टेल्थ रॉक

ही मूव्ह २००६ च्या डायमंड-पर्लमध्ये आली. समोरच्याने एकदा टाकली की तुमच्या बाजूला दगड तरंगत राहतात आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोकेमॉनला लागतात. साधं नुकसान एचपीच्या १२.५ टक्के. पण चारिझार्ड फायर आणि फ्लाइंग अशा दोन टाइपचा आहे आणि दोघांनाही रॉक दुप्पट लागतो. २ गुणिले २, म्हणजे ४ पट. थेट ५० टक्के!

पर्याय १: बूट

२०१९ च्या सोर्ड-शील्डमध्ये हेवी-ड्यूटी बूट्स हा आयटम आला. तो दिला की दगड लागतच नाहीत. चारिझार्ड हवा तितक्या वेळा आत-बाहेर करू शकतो. नवीन असाल तर इथूनच सुरुवात करा.

पर्याय २: ऊन आणि चष्मा

टॉरकोल आत आला की त्याच्या ड्रॉट अ‍ॅबिलिटीमुळे ५ टर्न ऊन पडतं. हीट रॉक दिला तर ८ टर्न. मग गणित असं:

- स्वतःच्या टाइपची मूव्ह: १.५ पट
- ऊन: १.५ पट
- सोलर पॉवर अ‍ॅबिलिटी: १.५ पट
- चॉइस स्पेक्स: १.५ पट

सगळं गुणलं की मूळ ताकदीच्या साधारण ५ पट. पण स्पेक्स घातले की बाहेर जाईपर्यंत एकच मूव्ह वापरता येते, आणि सोलर पॉवर उन्हात दर टर्नला १२.५ टक्के एचपी खाते. आयटम एकच मिळतो, म्हणजे बूट नाहीत. त्यामुळे दगड साफ करणं टॉरकोलच्या रॅपिड स्पिनवर. समोर घोस्ट टाइप असेल तर तेही चालत नाही.

स्पीड

चारिझार्डचा बेस स्पीड १००, गारचॉम्पचा १०२. टिमिड नेचर आणि पूर्ण इव्ही देऊन चारिझार्ड ३२८ वर जातो, जॉली गारचॉम्प ३३३ वर. फक्त ५ चा फरक, पण आधी वार त्याचाच. तो समोर असेल तर चारिझार्ड उगाच आत आणू नका.

शेवटचे ४ पॉइंट

स्पीड आणि स्पेशल अटॅकला २५२-२५२ इव्ही दिल्यावर ४ वापरता येतात. मी ते नेहमी एचपीत टाकायचो. तिथेच फसायचो! लेव्हल १०० ला एचपी इव्ही न देता एचपी असतो २९७. दगड १४८ घेतात, उरतात १४९. दुसऱ्यांदा आलात तरी १ एचपी शिल्लक. ते ४ पॉइंट एचपीत टाकले की एचपी २९८ होतो, दगड १४९ घेतात आणि दुसऱ्या वेळी चारिझार्ड संपतो.

बूट असतील तर फरक पडत नाही. नसतील तर ते ४ पॉइंट डिफेन्सला द्या. त्या उरलेल्या १ एचपीवर मारलेल्या शेवटच्या वाराने मी हरलेल्या मॅच जिंकल्यात.